'हे वाच' म्हणणाऱ्यांचा मागोवा

पाथर्डी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पुस्तकांचं कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे. लोखंडी, हिरवं, एका दाराला पोचा आलेला. वरच्या कप्प्यात जुने हजेरीपट, खालच्या दोन कप्प्यांत गोष्टींची पुस्तकं. मी तिथं गेलो तेव्हा मधली सुट्टी होती. सातवीतली एक मुलगी दाराशी येऊन घुटमळली आणि धीर करून म्हणाली, "सर, त्या सायकलवाल्याचं दुसरं हाये का?"

सरांना लगेच उमगलं. त्यांनी खालच्या कप्प्यातून 'फास्टर फेणे'चं एक पुस्तक काढलं, देवघेवीच्या वहीत तिचं नाव आणि तारीख लिहिली आणि पुस्तक हातात देताना म्हणाले, "हे पहिल्याहून भारी आहे. पण शेवट आधी बघायचा नाही, सांगून ठेवतो." मुलगी हसून पळाली.

ती वही मी नंतर चाळली. तीच दहा-बारा पुस्तकं पुन्हा पुन्हा बाहेर गेलेली, बाकीची कोरी करकरीत. कारण विचारलं तर सर म्हणाले, "जी मी वाचलीत तीच पोरं नेतात. बाकीच्यांबद्दल मला काय सांगता येणार?"

पाचवी ते आठवीच्या मुलांना कोणती कादंबरी द्यावी, हा प्रश्न शिक्षक आणि पालक हल्ली सारखा विचारतात. त्याचं निम्मं उत्तर सरांच्या या वाक्यात आहे. उरलेलं निम्मं शोधायला मागं जावं लागतं. अकरा ते चौदा वर्षांच्या मराठी मुलाला 'हे वाच' असं आजवर कोण कोण म्हणत आलं, आणि कशासाठी?

मराठीत छापलेलं पुस्तक मुलांच्या हाती आलं ते शाळेसाठी. मुंबईत १८२० च्या दशकात शाळांसाठी मराठी पुस्तकं तयार करण्याचं काम सुरू झालं. त्यातून सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीती' आणि 'बाळमित्र' ही पुस्तकं १८२८ साली निघाली. 'बाळमित्र' मुळात बेर्कां या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकावरचं, इंग्रजीतून मराठीत आलेलं. गोष्ट लहान, शेवटी तात्पर्य. पुस्तक निवडणारे होते सरकारी कारभारी आणि पंडित. मुलाला काय हवं हे त्यांना विचारावंसं वाटलं नाही, कारण पुस्तकाचं काम मुलाला वळण लावण्याचं, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती समजूत मराठीत पुढं शंभर वर्षं टिकली.

या कहाणीत नगरचं पान लवकर उघडतं. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, पण जिल्ह्यातल्या माणसाच्या तोंडी आजही नुसतं 'नगर'. इथलं जिल्हा वाचनालय १८३८ चं, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. पुढच्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार नगरला आल्या आणि मुलींच्या शाळा चालवू लागल्या. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक नगरहूनच निघालं. जोतीराव फुले १८४८ मध्ये मित्राबरोबर नगरला आले, त्यांनी फरारबाईंची शाळा पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याचं त्यांच्या मनानं घेतलं. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षणही फरारबाईंकडे झाल्याचं सांगितलं जातं. मुलीच्या हातात पुस्तक गेलं तर घराचं वाटोळं होईल असं शहाणीसुरती माणसं म्हणत होती, त्या काळात या गावात मुली पाटीवर अक्षरं गिरवत होत्या.

मिशननं १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिकही काढलं. त्यामागचा हेतू उघड होता आणि मिशननं तो कधी लपवला नाही. पण मूल हा वेगळा वाचक आहे आणि त्याच्यासाठी दर महिन्याला काहीतरी नवं यायला हवं, ही कल्पना मराठीत रुजली ती अशा मासिकांतून. नगरमधल्या याच ख्रिस्ती मराठी वर्तुळात पुढं रेव्हरंड नारायण वामन टिळक राहिले आणि कोवळ्या वयातले बालकवी त्यांच्या घरी मुक्कामाला होते. लक्ष्मीबाई टिळक वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, नवऱ्याच्या आग्रहानं. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या बाईंच्या हातात पहिलं पुस्तक कसं आलं, हे नगरच्या प्रत्येक शिक्षकानं एकदा वाचायला हवं. पुस्तक देणारा माणूस रागीट असेल, लहरी असेल, पण त्याचं पुस्तकांवर मनापासून प्रेम असेल तर ते पुढच्या माणसाला लागतं.

सरकारी शाळेत मात्र वेगळं गणित होतं. खेडोपाडी सातवी म्हणजे शिक्षणाचा शेवट. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा तलाठी व्हायचा, मास्तर व्हायचा, नाहीतर वखरामागं जायचा. म्हणजे आज आपण ज्या वयाच्या वाचकाबद्दल बोलतो, त्या वयाला बहुतेकांचा पुस्तकांशी संबंध संपत होता. पाठ्यपुस्तक हेच पहिलं आणि तेच शेवटचं पुस्तक. त्याच्या पलीकडे जे काही असेल त्याला आपण नाव दिलं 'अवांतर वाचन'. हा शब्द अजून आपल्या तोंडात आहे. मुख्य ते पाठ्यपुस्तक आणि उरलेलं सारं जग अवांतर, असा त्याचा सरळ अर्थ. नगर जिल्ह्यात स्वातंत्र्यानंतर रयत शिक्षण संस्थेच्या आणि इतर संस्थांच्या माध्यमिक शाळा गावोगाव निघाल्या तेव्हा कुठं शेतकऱ्याचं पोर सातवीनंतरही दप्तर घेऊन चालू लागलं आणि हा वाचक संख्येनं उभा राहिला.

त्याच्या आधी या वयाच्या मुलांशी घरच्या माणसासारखं बोलले ते मासिकांचे संपादक. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' सुरू केलं आणि १९१४ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. अंकात एखादं चरित्र, एखादी कविता, एखादा निबंध, थोडी शास्त्रीय माहिती, आणि यातलं बहुतेक सगळं ओकांच्याच लेखणीतलं. तेहतीस वर्षं एक माणूस दर महिन्याला मुलांसाठी लिहितो आहे. त्या पानांत उपदेश आहेच, पण महिनोन्महिने तोच आवाज ऐकल्यावर त्या उपदेशाला काकांच्या बोलण्याची ऊब आली असणार. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये 'आनंद' काढलं. ओकांच्या मासिकाचं नाव 'बालबोध', आपट्यांच्या मासिकाचं 'आनंद'. पंचवीस वर्षांत मुलांच्या वाचनाकडे बघण्याची दृष्टी किती सरकली हे या दोन नावांवरूनच कळतं. वाचनातून बोध व्हावा इतकंच आता पुरेसं नव्हतं, मुलाला मजाही यायला हवी होती.

कादंबरी मात्र अजून उंबऱ्याबाहेर होती. ती मोठ्यांनी वाचायची, तीही जपून. शाळेत गोष्टीचं पुस्तक मिळायचं ते बक्षीस समारंभात. पहिल्या पानावर संस्थेचा शिक्का, मुलाचं नाव, क्रमांक. पुस्तक देण्याची ही पद्धत आजही चालू आहे आणि तिच्यात एक अन्याय दडलेला आहे. ज्याला आधीच वाचता येतं, ज्याचा पहिला नंबर येतो, त्यालाच पुस्तक. ज्याला त्या पुस्तकाची खरी गरज, तो टाळ्या वाजवायला मागच्या रांगेत.

मागच्या रांगेनं स्वतःची सोय केली. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ ची. तिच्यातल्या किल्ल्यांनी, भुयारांनी आणि गुप्त वाटांनी कितीतरी पोरांची झोप उडवली. पुढं बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आल्या, एक हजाराहून अधिक. झुंजार, काळा पहाड ही नावं आजोबांच्या वयाच्या माणसांपुढं उच्चारून बघा, चेहरा खुलतो. ही पुस्तकं कुणा गुरुजींनी सुचवली नव्हती. ती भूगोलाच्या पुस्तकात लपवून एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जायची, पानं सुटेपर्यंत. सुचवणारा होता शेजारचा मित्र, आणि त्याचं सुचवणं असायचं एका वाक्याचं, "अरे, रात्री एकटा वाचू नको." मराठीतल्या पुस्तकशिफारशींच्या इतिहासात या मित्राचं नाव कुठंच येत नाही. पण हे पुस्तक वाच कारण ते मला सोडवेना, असं पहिल्यांदा म्हणाला तो हाच.

याच सुमाराला तुरुंगांतूनही मुलांसाठी लिहिलं जात होतं. जवाहरलाल नेहरूंनी १९३० ते १९३३ या काळात कैदेतून इंदिरेला जगाचा इतिहास सांगणारी पत्रं लिहिली. पहिलं पत्र तिच्या तेराव्या वाढदिवसासाठी होतं, म्हणजे नेमक्या सातवी-आठवीतल्या मुलीसाठी. आणि १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' अवघ्या काही दिवसांत बरीचशी लिहून काढली. १९३५ मध्ये ती पुस्तकरूपानं आली. तिची प्रकरणं म्हणजे रात्री. मित्र भोवती बसलेत आणि श्याम सांगतो आहे. मोठ्यानं वाचली की ती घरातल्या सगळ्यांची होते, हे आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट येण्याच्या किती आधी माजघरांना माहीत होतं. नेहरू पुढं १९४२ ते १९४५ नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान होते, तिथंच त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. नगरच्या शाळांच्या सहली त्या किल्ल्यावर जातात. खोली दाखवताना मुलांना एवढं सांगावं की हा माणूस त्याआधी अशाच एका कोठडीत बसून तुमच्या वयाच्या मुलीला पत्रं लिहीत होता. सहलीहून आल्यावर त्यातलं एक पत्र वर्गात वाचावं.

गुरुजींनी पुस्तक देण्याला जिव्हाळा दिला. भा. रा. भागवतांनी त्याला वेग दिला. १९५१ च्या सुमारास त्यांनी मुलांसाठी मासिक काढलं, त्याचं नाव 'बालमित्र'. छत्र्यांच्या १८२८ च्या पुस्तकाचंच नाव, पण मधल्या सव्वाशे वर्षांत त्याचा अर्थ पार बदलला होता. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि मग बनेश फेणे आला. फुरसुंगीचा, पुण्यात शिकणारा, काडी पैलवान, सायकलवर सुसाट. त्याच्या तोंडचं 'ट्टॉक' तीन पिढ्यांनी काढून बघितलं. १९८७ मध्ये तो दूरदर्शनवर आला, २०१७ मध्ये चित्रपटात. बनेश फुरसुंगीचा आहे, ही बाब साधी वाटते पण मोठी आहे. पाथर्डीच्या मुलीला तो जवळचा वाटतो, कारण तो गावाकडून शहरात आलेला मुलगा आहे आणि त्याच्याकडे सायकलीखेरीज काही नाही. भागवतांनी बिपिन बुकलवार नावाचा पुस्तकवेडा नायकही निर्माण केला. पुस्तकं वाचणारा मुलगा साहसी असू शकतो, हे मुलांना कुणीतरी गोष्टीतूनच सांगायला हवं होतं.

सरकारनंही आपला हात पुढं केला. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये तिनं 'किशोर' मासिक सुरू केलं. पहिले संपादक वसंत शिरवाडकर. पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेनंच पाठ्यपुस्तकाबाहेरचं वाचन मुलांपर्यंत न्यायचं ठरवलं, ही मोठीच गोष्ट. ज्या गावात पुस्तकाचं दुकान नाही, तिथं 'किशोर' पोचलं. त्याचे जुने अंक आता महाजालावर कुणालाही विनामूल्य वाचता येतात. शाळेत एक संगणक आणि एक पडदा असला तरी पन्नास वर्षांचा हा ठेवा वर्गात उघडता येतो, आणि तो उघडणारे शिक्षक नगर जिल्ह्यात नक्कीच आहेत.

त्याच काळात अमेरिकेत या वयासाठी वेगळ्या कादंबऱ्या लिहिल्या जाऊ लागल्या. एस. ई. हिंटन या मुलीनं शाळकरी वयातच लिहायला घेतलेली 'द आउटसायडर्स' १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. पण त्याच्याही आधीपासून बाल्टिमोरच्या सार्वजनिक ग्रंथालयात मार्गारेट एडवर्ड्स नावाच्या बाई या वयाच्या मुलांना पुस्तकं देण्याचं काम करत होत्या. मुलांच्या हाती पुस्तक देणाऱ्या ग्रंथपालानं आधी शेकडो पुस्तकं स्वतः वाचलेली असली पाहिजेत, हा त्यांचा दंडक होता. महायुद्धाच्या काळात तर त्या घोडागाडीत पुस्तकं भरून गरीब वस्त्यांत जात. पाथर्डीचे सर एडवर्ड्सबाईंचं नाव ऐकून असतील असं मला वाटत नाही, पण दोघं एकाच निष्कर्षाला आले आहेत.

आज आपल्याकडे पुस्तकांची वाण नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तकं असणं बंधनकारक केलं. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिनी, वाचन प्रेरणा दिन होतो. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार देते आणि त्यातून चांगली नावं समोर आली. पण पुस्तक कपाटात येणं आणि ते पोराच्या हातात जाणं यांत अंतर आहे. वरून यादी येते, गठ्ठा येतो, साठानोंदवहीत नोंद होते आणि कुलूप लागतं. कारण गठ्ठ्याबरोबर ती पुस्तकं वाचलेला माणूस येत नाही.

नगर जिल्ह्यात तर या अंतराला आणखी एक बाजू आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या फडावर कोपी, म्हणजे झोपडी, पडते, मुलं आईबापांबरोबर जातात आणि परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडाला. त्याच जिल्ह्यात १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या साखरेनं शाळा-कॉलेजं उभी केली, आणि त्याच साखरेच्या हंगामात दुसऱ्यांच्या मुलांचे शाळेचे महिने जातात. हंगामी वसतिगृहं आहेत, काही मुलं आजीजवळ राहतात. पण जे मूल फडावर जातं त्याच्या पिशवीत एक कादंबरी जायला हवी. पाठ्यपुस्तकातला धडा मागं पडला तर मूल शाळेला बिचकतं. कादंबरीला मात्र मागं पडणं ठाऊक नाही, कोपीतल्या दिव्याखाली तिचं पान जिथं थांबलं तिथूनच ती पुढं सुरू होते.

मग द्यायचं काय? मला विचाराल तर, जे मूल पळतं, झाडावर चढतं, त्याला आधी फास्टर फेणे. रानात, डोंगरात रमणाऱ्या अकोले तालुक्यातल्या मुलाला सलीम सरदार मुल्लांचं 'जंगल खजिन्याचा शोध'. ज्याचं गाव धरणात किंवा रस्त्यात गेलं, त्याला ल. म. कडूंचं 'खारीचा वाटा', पानशेत धरणामुळं गाव सुटलेल्या मुलाची गोष्ट. मनातलं कुणाला सांगत नाही पण वहीत लिहिते अशा मुलीला संगीता बर्व्यांची 'पियूची वही'. भीती आवडणाऱ्याला भारत सासण्यांचं 'समशेर आणि भूतबंगला'. शहराकडे ओढा असलेल्याला अरुण साधूंचा 'झिपऱ्या'. शाळेला मुकायची वेळ आलेल्या आठवीच्या मुलाला आनंद यादवांची 'झोंबी', आधी निवडक प्रकरणं, जवळ बसून. आणि नववीच्या उंबऱ्यावर मिलिंद बोकीलांची 'शाळा'. ती मोठ्यांसाठी लिहिलेली आहे असं म्हणून लपवू नये. पोरं ती शोधून वाचणारच. आपण दिली तर तिच्याबद्दल आपल्याशी बोलतील.

ही नावं मी वाचलेल्या पुस्तकांची आहेत, म्हणून देतो. तुमची यादी वेगळी होईल आणि तशीच ती व्हायला हवी. बाईंनी, सरांनी, आईनं, वाचनालयातल्या मावशींनी महिन्याला एकच पुस्तक स्वतः वाचलं तरी वर्षात बारा पुस्तकं होतात. पाथर्डीच्या त्या वहीत फिरणारी पुस्तकंही दहा-बाराच होती आणि तेवढ्यांनी एक वर्ग वाचता केला.

दिवाळीच्या आधी मी पुन्हा त्या शाळेत गेलो तेव्हा सर निघण्याच्या तयारीतल्या मुलांची नावं काढत होते. त्या मुलीचं नाव त्यांत होतं. तिच्या नावापुढं वहीत तीन पुस्तकांची नोंद होती आणि परतीच्या तारखेच्या रकान्यात सरांनी लिहिलं होतं, 'गुढीपाडव्याला'. एरवी आठ दिवसांत पुस्तक परत मागण्याचा नियम आहे. सरांनी तो मोडला होता आणि तिसरं पुस्तक कुठलं हे मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ते मी काल रात्री वाचून संपवलं. म्हटलं, आधी आपण वाचू, मग देऊ."